तार ओढताना

गाण्याच्या बाईंकडे भूप राग शिकताना आमच्या वह्यांमध्ये पंचम आणि गंधार यांच्या डोक्यावर एक कमान असायची. भातखंड्यांच्या पद्धतीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, अशीच लिहितात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, आणि मींडेला कमान. परीक्षेत कमान विसरली की गुण जायचे. पण प्रत्यक्ष मींड घ्यायची वेळ आली की बाई वही मिटायला लावायच्या आणि स्वतः पेटी बंद करायच्या. पेटीवर पंचमाची पट्टी आहे, गंधाराची आहे. एकीवरून दुसरीवर घसरत जायला वाट नाही. आकाशवाणीनं १९४० साली पेटी बाहेर काढली आणि १९७१ पर्यंत आत घेतली नाही, त्यामागे हाही एक आक्षेप होता. पेटीवरच वाढलेल्या आमच्यासारख्यांना ही शिक्षा जरा जास्तच वाटते.

"मध्यमावरून जायचं, पण मध्यमाला कळू द्यायचं नाही," बाई म्हणायच्या. भूपात मध्यम वर्ज्य. पंचमावरून गंधारावर सलग उतरायचं तर तो वाटेत येणारच, दोन्ही मध्यम येणार. वहीतली कमान या अडचणीवरून पुलासारखी निघून जाते.

गिटार मला अरणगावला भेटली. नगरहून दौंडच्या रस्त्याला, अरणगावपाशीच, मेहेराबाद लागतं. तिथल्या टेकडीवर आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांची समाधी आहे आणि दर ३१ जानेवारीला, त्यांच्या पुण्यतिथीला, म्हणजे अमरतिथीला देशोदेशीची माणसं येतात. 'द हू' या रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड बाबांचा भक्त. १९७१ च्या 'हूज नेक्स्ट' या अल्बममधल्या पहिल्याच गाण्याच्या नावात त्यानं बाबांना घेतलं, आणि पुढच्या वर्षी तो इथे येऊनही गेला. नगरातल्या रॉक ऐकणाऱ्या पोरांना हे तोंडपाठ, बाकीच्यांना त्याचं सोयरसुतक नाही. मी मात्र तिथे कुणा प्रसिद्ध माणसाला पाहिलं नाही. मांडवात बसलेल्या एका परदेशी बाईंनी गिटारवर भजन वाजवता वाजवता तार बोटानं वर रेटली आणि सूर पडद्यावरून सुटून चढत गेला. आमच्या बाईंच्या गळ्यातली गोष्ट मला पहिल्यांदा डोळ्यांना दिसली.

पुढे मला मिळालेली गिटार जाड तारांची होती. तिसऱ्या तारेलाही वरून तार गुंडाळलेली. ती ओढताना कातडं निघायचं. सूर पूर्ण एक स्वर चढवायचा तर ताण सुमारे सव्वापट करावा लागतो, कारण सुराची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. गंधारापासून पंचमापर्यंत, म्हणजे दीड स्वर, जायचं तर ताण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढतो. एका बोटाचं ते काम नाही. अनामिकेमागे मधलं आणि तर्जनी लावून मनगट फिरवायचं. शिवाय तार ओढून सूर चढतो, पडद्याच्या खाली उतरत नाही. म्हणून भूपातली उतरती मींड हवी तर गंधाराच्या पडद्यावर बोट ठेवून तार आधी मुकाट्यानं पंचमापर्यंत ओढायची, मग छेडायची आणि सोडत यायची. सतारिये याला विलोम मींड म्हणतात, गिटारवाले प्रीबेंड. छेडण्याआधी सूर ऐकू येत नाही; किती ओढलं ते बोटांनाच माहीत असावं लागतं. सतारीवर एका पडद्यावर पाच-पाच स्वर ओढणाऱ्यांपुढे आमचे दीड स्वर किरकोळच.

आता मी पोरांना गिटार शिकवतो आणि धडे म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितो. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची ४.२ आवृत्ती आली, तीत बेंड, म्हणजे तार ओढणं, लिहिण्याची पद्धत मुळापासून नवी केली. साधा बेंड, प्रीबेंड, पाव स्वराचा हलका बेंड, असे प्रकार निवडता येतात. गिटारच्या टॅबवर, म्हणजे तारा आणि पडदे दाखवणाऱ्या लिपीत, बाण येतो आणि त्याच्या टोकाशी किती स्वर ओढायचं तो आकडा. पंचरेषेवर दोन स्वर जोडणारी मोडकी रेघ. भूपाची ती जागा मी लिहिली, वाजवून पाहिली. संगणकानं पंचमापासून गंधारापर्यंत सूर एकसारखा उतरवला आणि मधे मध्यम स्वच्छ ऐकू आला. वर्ज्य स्वर इतका बिनचूक मी कधी ऐकला नव्हता.

पण त्याच सॉफ्टवेअरमध्ये बेंड कधी सुरू होऊन कधी संपावा, ते बिंदू सरकवता येतात. पंचमावर कितीसं थांबायचं, मध्यम किती झपाट्यानं ओलांडायचा, हे मला ठरवावं लागलं. बाईंनी हे कधी सांगितलं नव्हतं. त्या गाऊन दाखवायच्या, आणि ज्याला उचलता आलं नाही तो मागे राहायचा. यंत्रानं संगीताचा जीव काढला, अशी तक्रार मी वयस्कर गवयांकडून पुष्कळ ऐकली आहे. मला ते पटत नाही. या सॉफ्टवेअरनं विचारला तेवढा नेमका प्रश्न मला कुठल्याच परीक्षकानं विचारला नव्हता. बिंदू बरेच पुढे ओढल्यावर मध्यम दिसेनासा झाला.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्यानं तीच फाइल घेऊन बिंदू परत मागे आणले, वर मध्यमावर किंचित रेंगाळला. "सर, असं भारी वाटतं." वाटतंही; ब्लूजच्या वळणाचं होतं ते. मी ते तसंच ठेवलं, फक्त फाइलच्या नावातून भूप काढून टाकला.