आरपीपी-वन

राजगुरुनगरची कांदा-लसणाची संस्था असो, मांजरीची द्राक्षाची की नागपूरची कापसाची. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेत नवा प्रयोग शेतात उतरायचा तर आधी याच्यासमोर बसावं लागतं. हा आरपीपी-वन, म्हणजे संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव. जुन्या मंडळींच्या तोंडी अजून आरपीएफच. पाठचे भाऊ दोन: टू चालू कामाची प्रगती सांगतो, थ्री शेवटचा अहवाल देतो. पण ते काय सांगू शकतील, हे बरंचसं या थोरल्यानेच ठरवून टाकलेलं असतं.

दिसायला रुक्ष. शीर्षक, उद्दिष्टं, आजवर झालेलं काम, तांत्रिक कार्यक्रम, अंदाजपत्रक. स्वभाव मात्र चौकस. कोणता शास्त्रज्ञ किती टक्के वेळ देणार, हेही तो लिहून घेतो. नावापुरते सहसंशोधक त्याला खपत नाहीत. ‘उत्पादन वाढवणे’ असं मोघम लिहिलं, की तो विचारणारच: कुठल्या जमिनीत, कशाच्या तुलनेत, किती?

त्याचं खरं रूप दिसतं संस्थेच्या संशोधन परिषदेच्या बैठकीत. समजा, कांद्याचा नवा वाण साठवणुकीत किती टिकतो, हे तपासण्याचा प्रस्ताव आलाय. 5 ट्रीटमेंट, म्हणजे तुलनेला घेतलेले पर्याय; 3 रिप्लिकेशन, म्हणजे प्रत्येकाच्या पुनरावृत्ती. सांख्यिकीवाले दोन्हींतून एकेक वजा करून समासात पेन्सिलीने मांडतात: 4 गुणिले 2, 8. एररच्या डिग्रीज ऑफ फ्रीडम किमान 12 हव्यात, हा शेतीप्रयोगांतला जुना दंडक. रिप्लिकेशन 4 केली की 4 गुणिले 3, बरोबर 12. ही शिस्त आपल्याकडे रुजवली ती व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी; 1954 साली आलेलं त्यांचं पुस्तक कृषी पदवीधरांच्या पिढ्यांनी अभ्यासलं.

मग दुसरा प्रश्न: चेक, म्हणजे तुलनेसाठीचा प्रचलित वाण, कोणता? टिकाऊ एन-2-4-1 बाजूला ठेवून लवकर सडणारा खरिपाचा वाण तुलनेला घेतला, तर नवा वाण जिंकणारच. तिसरा: वजनं कधीपर्यंत घेणार? उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये साठवणुकीच्या चाळीत भरतात. दोन महिन्यांत मोजणी थांबवली, तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेतली सड कागदावर येतच नाही आणि नेमकी तीच शेतकऱ्याला बुडवते. हा प्रश्न चाळीतला कांदा हाताने निवडणाऱ्याला सर्वांत आधी सुचतो. म्हणून असा एखादा शेतकरी त्या टेबलाशी बसलाच पाहिजे, आणि तोही प्रस्ताव मंजूर होण्याच्या आधी.

एक खोट मात्र याच्यात आहे. ज्याचं उत्तर जवळपास ठाऊक आहे, असं काम याच्या रकान्यांत झकास बसतं; खरोखर नवी कल्पना तिथे अवघडून जाते. तिचे आकडे कच्चे असतात, संदर्भ थोडे असतात. अशा वेळी परीक्षकांनी नुसते गुण मोजून भागत नाही. एका हंगामाची छोटी चाचणी मंजूर करून तिला उभं राहू द्यायला हवं.

प्रस्ताव परत आला की शास्त्रज्ञाला लागतं, आणि लागणारच. त्यामागे महिनोन्महिन्यांचं वाचन असतं. पण कागदावर एक रिप्लिकेशन वाढवायला दहा मिनिटं लागतात. तीच उणीव काढणीनंतर कळली, तर अख्खा हंगाम जातो, सार्वजनिक पैसा जातो आणि चुकीची शिफारस गावोगाव पोचते. त्या शिफारशीवर विसंबून ज्याने कांदा चाळीत भरला, त्याला भरपाई कोणी देत नाही. म्हणून मंजुरीआधी परीक्षकाने कठोर व्हावं. शेतकऱ्याच्या बाजूने उभं राहण्याची ती पहिली जागा आहे.