‘लाइव्ह’ हवं, पण कशाला?

डॅशबोर्ड मागणाऱ्या मालकाचा पहिला शब्द हमखास ‘लाइव्ह’ असतो. विक्रीचा आकडा क्षणाक्षणाला हलताना दिसला पाहिजे. मग निर्णय सोमवारच्या बैठकीतच होणार असला तरी!

डॅशबोर्डची डेटाबेसशी जोडणी तशी किरकोळ. पॉवर बीआय, टॅब्लो, मेटाबेस, कुठलंही साधन घ्या; ते सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, डेटाबेसचं नाव, युजरनेम आणि पासवर्ड विचारतं. पोस्टग्रेसचं पोर्ट सहसा ५४३२, मायएसक्यूएलचं ३३०६. मधली दुभाषेगिरी ड्रायव्हर करतो. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने आणलेलं ओडीबीसी त्यासाठी आजही चालतं. एवढं मात्र पाळायचं, की साधनाला अॅडमिनचा पासवर्ड द्यायचा नाही. फक्त वाचायची परवानगी असलेला वेगळा युजर काढायचा.

खरा प्रश्न पुढे येतो. डेटाची नक्कल घ्यायची, की दरवेळी मूळ डेटाबेसला विचारायचं?

पॉवर बीआयमध्ये पहिल्या पद्धतीला इम्पोर्ट म्हणतात, दुसरीला डायरेक्टक्वेरी. इम्पोर्टमध्ये डेटा दाबून मेमरीत बसतो आणि आलेख झटपट उघडतात. डायरेक्टक्वेरीत प्रत्येक क्लिक मूळ डेटाबेसवर जाऊन आदळते. एका पानावर दहा आलेख असतील, तर एक फिल्टर बदलताच दहाच्या आसपास क्वेऱ्या सुटतात. आता धनत्रयोदशीची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. चार मॅनेजर केबिनमध्ये बसून फिल्टर फिरवताहेत, आणि त्याच डेटाबेसवर चालणाऱ्या काउंटरवर बिलं अडकून गिऱ्हाइकांची रांग वाढतेय. यावर रीड रेप्लिका, म्हणजे वाचण्यापुरती वेगळी प्रत, हा उपाय आहे; पण तिचाही खर्च येतोच. पॉवर बीआयच्या प्रो परवान्यात इम्पोर्ट केलेला डेटा दिवसातून आठ वेळा आपोआप ताजा करता येतो. बहुतेक दुकानांना, कारखान्यांना आठ वेळा पुष्कळ झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घड्याळाचा घोळ याहून लबाड. बरेच डेटाबेस वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि भारत तिच्या साडेपाच तास पुढे. १ नोव्हेंबरच्या पहाटे दोनला आलेली ऑर्डर तिथे ३१ ऑक्टोबर, रात्री साडेआठ अशी नोंदली जाते. वेळ बदलून घेतली नाही, तर नोव्हेंबरची विक्री ऑक्टोबरच्या खांबात जाऊन बसते. पॉवर बीआयची क्लाउड सेवाही यूटीसीवर चालते. त्यामुळे पुण्यातल्या लॅपटॉपवर ‘आज’ची बरोबर दिसलेली विक्री, अहवाल क्लाउडवर चढवल्यावर पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच दिसत राहते.

आणि जॉइन! ऑर्डरच्या टेबलात डिलिव्हरीचे ५० रुपये एकदाच लिहिलेले असतात. त्या ऑर्डरीत तीन वस्तू असल्या आणि वस्तूंचं वेगळं टेबल त्याला जोडून बेरीज केली, की तेच १५० होतात. कुठे लाल दिवा लागत नाही, एररही येत नाही. उलट खांब उंच झाल्याने मालक खूश. डेटा वेअरहाउसवर लिहिणारे राल्फ किंबॉल म्हणूनच आधी एक गोष्ट ठरवायला सांगतात: टेबलातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? एक ऑर्डर, की ऑर्डरीतली एक वस्तू?

माझ्या कामात रंग आणि आलेखांचे प्रकार शेवटी येतात. आधी एकच दिवस निवडायचा आणि त्या दिवसाची डॅशबोर्डवरची विक्री टॅलीतल्या आकड्याशी रुपयापर्यंत जुळवायची. पहिल्या फेरीत ती क्वचितच जुळते. मग हिशेबनीस विचारतात, तुमची रक्कम जीएसटी धरून की वगळून? परत आलेला माल वजा केलाय का? ही उत्तरं डेटाबेसमध्ये सापडत नाहीत. ती अकाउंट्समध्ये खुर्ची ओढून विचारून घ्यावी लागतात.