दोघांत एक रिव्हॉल्व्हर

गेल्या वर्षी दोन महिने टेक्ससला भाचीकडे होतो. ह्यूस्टनपासून तासाभरावर त्यांचं घर आहे. पोहोचून चारच दिवस झाले होते, तेव्हा जेवताना जावई म्हणाला, "मामू, उद्या आम्ही रिव्हॉल्व्हर बघायला जातोय. तुम्ही याल का?" जणू फ्रीज बघायला चालले होते. मी भाचीकडे पाहिलं. ती लेकाच्या ताटातला भात चिवडत बसली होती.

बंदूक मला नवी नाही. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात आजोबांची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली. ती पडवीत खुंटीला टांगलेली असे आणि दारू-छर्रे आजीच्या पेटीत, कुलुपात. पेटीची किल्ली आजीच्या कमरेला. निवडणूक आली की आजोबा ती बंदूक गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि निकालानंतर पुन्हा आणायचे. आमच्या लेखी ते शेतीचं अवजार होतं, कोयत्यासारखं. माणसावर रोखण्यासाठी बंदूक घरात आणायची, ही कल्पनाच मला नवी होती.

कारण विचारलं तर दोघांनी दोन सांगितली. जावई म्हणाला, गल्लीत दोन घरं सोडून चोरी झाली, मागचं दार फोडून, घरात माणसं असताना. त्याची नोकरी फिरतीची. महिन्यातल्या आठ-दहा रात्री भाची चार वर्षांच्या मुलाला घेऊन एकटी असते. पोलीस यायला वेळ लागतो, कारण वस्ती शहराबाहेर आहे. भाचीचं कारण वेगळं होतं. ती म्हणाली, "मामू, चॅपेल हिल आठवतं?"

आठवत होतं. १० फेब्रुवारी २०१५. नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या गावात तीन मुस्लिम विद्यार्थ्यांना त्यांच्याच घरात गोळ्या घालून मारलं होतं. नुकतंच लग्न झालेलं जोडपं आणि त्या मुलीची बहीण. मारणारा शेजारी होता. पुढे २०१९मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि जन्मठेप भोगतोय. भाची तेव्हा तिकडे नवीन होती, हिजाब घालायची. ती भीती तिच्या अंगात राहून गेली आहे. पण मजा अशी की बंदूक नको म्हणतानाही ती तेच उदाहरण द्यायची. "तो शेजारी होता. दारावर आला होता. शेजाऱ्याला दार उघडताना कोण हातात रिव्हॉल्व्हर घेऊन जातं?" याला जावयाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

तरी आम्ही गेलो. दुकान आणि शूटिंग रेंज एकाच छपराखाली. मी बी-२ व्हिसावर गेलेलो. पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. म्हणून मी काचेच्या मागे बाकावर बसलो, कानांना मफ लावून. भाची-जावई आता तिथले नागरिक आहेत, त्यांना अडचण नव्हती.

आधी पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, हा प्रश्न होता. तो भाचीच्या मनगटाने सोडवला. बाळंतपणानंतर तिच्या अंगठ्याच्या मुळाशी जी कळ बसली ती पूर्ण गेलेली नाही. पिस्तुलाची स्लाइड मागे ओढताना तिचा हात थरथरायचा आणि अर्ध्यावरच सुटायचा. रिव्हॉल्व्हरला ओढायचं काही नाही. खटका दाबला की चक्री बाजूला येते, गोळ्या घाला, बंद करा. उलटही तितकंच सोपं, चक्री उघडली की सगळी घरं डोळ्यांसमोर. भरलेलं आहे की रिकामं, हे अंदाजाने सांगावं लागत नाही. ही गोष्ट मला फार पटली. तोटेही आहेतच. पाच-सहा गोळ्यांत काम संपतं, घाईत पुन्हा भरणं नवशिक्याला जमत नाही, आणि ट्रिगर जड असतो. हॅमर मागे न ओढता थेट ट्रिगर दाबायचा तर साधारण पाच किलोचा जोर लागतो.

आता काउंटरवरचा माणूस. भला होता, पण भाचीकडे बघितलं आणि त्याने लगेच कपाटातून सगळ्यात छोटं काढलं. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याचं, पाच गोळ्यांचं, दोन इंचांहूनही आखूड नळीचं. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. "लेडीज लव्ह इट," म्हणाला. बाईचा हात लहान म्हणून बंदूक लहान, असा हिशोब. हा हिशोब उलटा आहे, हे मला काचेमागून पाच मिनिटांत दिसलं. गोळी सुटताना जो धक्का मागे येतो, तो काही वजन बंदूक पिते, उरलेला हात पितो. बंदूक जितकी हलकी तितकं हाताच्या वाट्याला जास्त. भाचीने तिसऱ्या गोळीनंतर रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि तळहात चोळत बसली. कागदावर एकच भोक होतं, तेही कोपऱ्यात. असं छोटं रिव्हॉल्व्हर खिशात किंवा पर्समध्ये बाळगणाऱ्यासाठी, आणि तेही भरपूर सराव केलेल्यासाठी. घरात ठेवायची वस्तू खिशात मावायची गरजच काय?

मग जावयाने भाड्याने दोन मोठी घेतली. एक रुगरचं जीपी १०० आणि दुसरं स्मिथ अँड वेसनचं ६८६. दोन्ही स्टीलची, सहा गोळ्यांची, चार इंचांच्या आसपास नळी, वजन किलोच्या वर. दोन्ही .३५७ मॅग्नमची. इथे एक सोय आहे, आणि नवरा-बायकोने मिळून एकच घ्यायचं असेल तर तीच सगळ्यात कामाची. .३५७च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल ही जुनी, सौम्य गोळीही चालते. मॅग्नम १९३५ साली आली ती .३८चंच कवच थोडं लांबवून. लांबवलं अशासाठी, की ती जास्त दाबाची गोळी जुन्या .३८च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. म्हणजे ज्याला जोर हवा तो मॅग्नम घालील, ज्याला नको तो .३८.

जावयाने मॅग्नम घातली. काचेमागेही छातीत धप्प झालं. सहाही गोळ्या मारून तो हसत बाहेर आला. भाचीने त्याच ६८६मध्ये .३८ची सपाट टोकाची, निशाणेबाजीसाठीची गोळी घातली. ती कागदाला पंच मारल्यासारखं गोल भोक पाडते. किलोभर वजनाने धक्का खाऊन टाकला. पहिल्या सहांपैकी चार काळ्या वर्तुळात. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, लहानपणी कैरी पाडल्यावर बघायची तशी पाहिलं. मला ते आवडलं नाही. आणि आवडलंही. दोघं मग तासभर तिथेच होते. एक मारतोय, दुसरा मागे उभा राहून खांदा सरळ करतोय. तो बोट ट्रिगरवर लवकर नेतो म्हणून ती त्याला रागावतेय. लग्नाला नऊ वर्षं झालेल्या त्या दोघांना एकमेकांकडे इतकं लक्ष देताना मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहत होतो.

रेंजवर प्रत्येक खांबाला नियम लावलेले. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा. जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. निशाण लागेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. आणि निशाणाच्या मागे काय आहे ते ओळखा. मला मदरशातले आमचे उस्ताद आठवले. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्याचं पातं हातात धरावं, कुणाला लागू नये म्हणून, अशा अर्थाची हदीस ते सांगायचे, आणि आम्ही पेन्सिलीची टोकं मुठीत धरून मशिदीत शिरायचो.

निघताना भाचीने कोपरापर्यंत हात धुतले, थंड पाण्याने, साबण लावून. गाडीत बसायच्या आधी बूट बदलले, वरचा शर्ट पिशवीत बांधला. बंद रेंजच्या हवेत शिशाची भुकटी असते, ती कपड्यांवरून घरात जाते आणि लहान मुलाला सगळ्यात जास्त बाधते. हे तिने वाचून ठेवलं होतं. दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

चौथा नियम घरी आल्यावर खरा कळला. आमची कोकणातली भिंत जांभ्या चिऱ्याची, हातभर जाड. त्यांची भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाची जिप्समची पाटी, मध्ये पोकळी. रिव्हॉल्व्हरची गोळी अशा भिंती एकामागून एक पार करते. जावई झोपायच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि रिकामा हात पुढे करून म्हणाला, "इथून जिन्याकडे." भाची म्हणाली, "जिन्याच्या मागे काय आहे?" जिन्याच्या मागे मुलाची खोली होती. पलंगाची उशी नेमकी त्या भिंतीला. दुसऱ्या दिवशी दोघांनी पलंग हलवला. मग स्वयंपाकघराचं दार, मग बैठकीची खोली, असं करत घरभर फिरले. सगळ्या घरात गोळी झाडता येईल अशी एकच दिशा निघाली. शिवाय बंद खोलीत, अंधारात मॅग्नमचा आवाज आणि जाळ माणसाला बहिरं-आंधळं करून सोडतो. म्हणून घरासाठी .३८च, हे त्याच रात्री ठरलं.

मला वाटलं, संपलं. पण भाची फजरच्या नमाजनंतर चहा ठेवताना म्हणाली, "मामू, तुम्हाला एक सांगायचंय. अम्मीला सांगू नका." तीन वर्षांपूर्वी जावयाची नोकरी गेली होती, तेवढं आम्हाला माहीत होतं. त्यानंतरचे आठ महिने आम्हाला माहीत नव्हते. तो गॅरेजमध्ये गाडीत तासन् तास बसून राहायचा. डॉक्टर, गोळ्या, सगळं झालं. आता बरा आहे. "पण ते पुन्हा आलं तर?" ती म्हणाली. "चोर येईल की नाही ठाऊक नाही. ते एकदा येऊन गेलंय."

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ जणांनी स्वतःवरच गोळी झाडून घेतली. चोर, दरोडेखोर, दंगली, नवरा-बायकोची भांडणं, शाळांमधले हत्याकांड, सगळं मिळूनही त्या आकड्याच्या खाली राहतं. बंदूक घेताना ४४७३ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यावरून एफबीआयच्या यंत्रणेत नाव तपासलं जातं. मनोरुग्णालयात सक्तीने ठेवलं होतं का, न्यायालयाने तसं ठरवलं होतं का, हे त्यात विचारतात. स्वतःहून डॉक्टरकडे जाऊन गोळ्या घेतल्या का, हे विचारत नाहीत. जावयाचे ते आठ महिने सरकारला दिसणारच नव्हते. दिसले होते ते फक्त बायकोला.

मी म्हणालो, "हे त्याला सांग."

"लागेल त्याला."

"लागू दे."

तिने सांगितलं. कसं सांगितलं ते मला माहीत नाही. मी मुलाला घेऊन बागेत गेलो होतो. परत आलो तेव्हा जावई अंगणात नळी धरून झाडांना पाणी घालत होता, त्याच एका झाडाला, बराच वेळ. त्या दिवशी तो जेवला नाही. माझं चुकलं असं वाटून मी रात्रभर जागा होतो. परक्याच्या घरात, परक्याच्या देशात, जावयाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचा मला काय हक्क होता?

तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "घ्यायचं तर तुझ्या नावावर घे. फॉर्म तू भर. पेटीचा कोड तू ठेव, मला सांगू नकोस."

"आणि मी नसताना कुणी आलं तर?"

"मी पोलिसांना फोन करीन. मोठ्याने ओरडीन. बाकी मागच्या दाराला लोखंडी पट्टी आणि दिवे आजच लावतो."

त्याने ते खरंच आधी लावले. दाराच्या चौकटीला लांब स्क्रू, बाहेर हलचालीवर पेटणारे दिवे. चारेक दिवसांनी भाचीने ६८६ घेतलं. जीपी १००मध्ये तसं काही वावगं नव्हतं, पण तिचं बोट ६८६च्या ट्रिगरवर नीट पोहोचत होतं, एवढाच फरक. सोबत भिंतीला बोल्टने बसणारी पोलादी पेटी, बटणांच्या कोडची. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं गुन्हा आहे, पण पेटी तिने कायद्यासाठी घेतली नव्हती.

आता ते महिन्यातून दोन रविवारी रेंजवर जातात. ती पेटी उघडते, ती गाडीच्या डिकीत ठेवते, परतल्यावर तीच बंद करते. तो तोवर मुलाला घेऊन बाहेर थांबतो. दोघांत निशाण त्याचं चांगलं आहे, असं तीच सांगते. मला अजूनही हे पूर्ण पटलेलं नाही. मी तिच्या जागी असतो तर दिव्यांवर आणि पट्टीवर थांबलो असतो. पण महिन्याच्या आठ-दहा रात्री त्या घरात मी नसतो, ती असते.

आपाला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती उर्दू माध्यमात शिकलेली, माझं मराठी वाचत नाही, म्हणून इथे लिहिलं. फोनवर ती रोज विचारते, पोरीला रात्री झोप लागते का? लागते, असं मी सांगतो. गेल्या महिन्यापासून ते खरंही आहे.