बटण दाबण्याचे पैसे

बिलाची ती प्रत अजून माझ्याजवळ आहे. लातूरच्या एका क्लासच्या हिशेबनिसानं आमचा आकडा लाल पेनानं खोडला, निम्मा लिहिला आणि वर म्हणाला, "बटनच तर दाबलं की तुम्ही! त्याचे एवढे पैसे कसे काय?"

मी नांदेडचा. एका ठेकेदाराकडे नेटवर्कची कामं करतो. नवीन बॅच सुरू व्हायच्या आधी लातूरच्या या क्लासचं काम असायचं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं जायचं, इमारती रिकाम्या झाल्या की रात्री कन्सोल केबल लावायची आणि प्रत्येक स्विचवर त्याच त्या ओळी टाइप करायच्या. वसतिगृहातल्या मुलांचं वायफाय एका व्हीलॅनवर, म्हणजे त्याच जाळ्यातल्या वेगळ्या कप्प्यात, कॅमेरे दुसऱ्यावर, परीक्षेची लॅब तिसऱ्यावर. सिस्कोच्या स्विचवर ट्रंकला (स्विच-स्विच जोडणाऱ्या तारेला) नवा व्हीलॅन जोडताना 'ॲड' एवढा शब्द राहिला, तर त्या ट्रंकवरचे आधीचे सगळे व्हीलॅन जातात आणि अख्खा मजला बंद पडतो. सगळं नीट केलं पण सेव्ह करायच्या आत लाइट गेली, तरी केलेलं पुसलं जातं. आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही.

यातून सुटायचं म्हणून मी शिकायला लागलो. सिस्कोनं २४ फेब्रुवारी २०२० पासून सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेत ऑटोमेशनला दहा टक्के वजन दिलं आहे. मी जिथे शिकलो तिथे सर म्हणाले, "दहाच टक्के आहे, सोडून द्या." गुणांच्या मापानं धडा घ्यायचा की सोडायचा हे ठरवण्याची सवय आपल्या भागाला फार जुनी आहे, आणि ती पोरांचं नुकसान करते असं माझं स्पष्ट मत आहे. तो सोडलेला धडाच आज माझं काम आहे.

आधी पायथन आणि स्विचशी बोलणारी कर्क बायर्स यांची नेटमिको ही लायब्ररी. मग ॲन्सिबल हे ऑटोमेशनचं साधन. मायकेल डीहान यांनी ते २०१२ साली काढलं, २०१५ मध्ये रेड हॅटनं विकत घेतलं, तरी वापरायला फुकटच आहे. स्विचवर वेगळं काही बसवावं लागत नाही, एसएसएचवरून काम होतं. स्विच शेवटी कसा असायला हवा ते आपण फाइलमध्ये लिहायचं. नीट लिहिलेली फाइल पुन्हा चालवली, तर जिथे फरक आहे तिथेच ती हात लावते.

लातूरचं काम असंच करायचं ठरलं. पण आज्ञा लिहिणं हा त्यातला सोपा भाग. कोणत्या पोर्टला काय जोडलंय, याची यादी त्या क्लासमध्ये कुणाकडेच नव्हती. आमच्याबरोबरच्या दादांनी, ज्यांनी मला क्रिम्पिंग शिकवलं, इमारती-इमारतींतून फिरून ती केली. छताजवळचे रॅक उघडले, धूळ झाडली, केबल ओढून-ओढून दुसरं टोक शोधलं. काही डबे तर इतके साधे निघाले, की त्यांना आज्ञाच देता येत नव्हती. काही जुन्या स्विचची एसएसएच नव्या लिनक्सला चालत नव्हती, त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. मग घरी जीएनएस३ वर खोटं नेटवर्क उभं करून सगळं चालवून पाहिलं. हे बिलात कुठल्या रकान्यात लिहायचं?

प्रत्यक्ष कामाच्या संध्याकाळी आधी नुसता फरक दाखवायला सांगितला, तो वाचला, मग एका इमारतीवर चालवलं, मग सगळीकडे. मुलं जेवून परत यायच्या आत काम संपलं. एकही मजला बंद पडला नाही. हिशेबनीस शेजारीच बसला होता आणि त्याला माझा एंटर तेवढा दिसला.

मी भांडलो. कौशल्याचे पैसे असतात, वेळेचे नसतात, असं तावातावानं सांगितलं. मला ते आजही खरं वाटतं. पण परतीच्या एसटीत दुसरंही खरं वाटायला लागलं. वर्षानुवर्षं आमचा दर रात्रीचा होता. काम लांबलं की आमचे पैसे वाढायचे आणि तेव्हा वेळेचे पैसे नसतात असं आमच्यातलं कुणी म्हटलं नव्हतं. हिशेबनिसानं आमचंच माप आम्हाला लावलं. त्याचा राग मात्र अजून जात नाही.

निम्म्या बिलाचा फटका मला बसलाच नाही, माझा पगार महिन्याचा आहे. दादांना रात्रीचा भत्ता मिळायचा. त्या कामाला रात्र लागली नाही म्हणून आमच्या मालकांनी त्यांचा भत्ता धरला नाही. ज्यांच्या यादीवर सगळं चाललं, त्यांच्याच हातात कमी आलं. मालकांना मी सांगून पाहिलं की दादांना यादीचे पैसे द्या. त्यांनी विचारलं, "यादीचा दर काय लावायचा?" मी सांगितलेला आकडा त्यांना पटलेला नाही. आता नांदेडच्या एका दवाखान्याचं असंच काम आलंय. त्याच्या अंदाजपत्रकात मी पहिलीच ओळ यादीची टाकली आहे, दादांच्या नावानं.