गाडीचा अंगरखा

सुरत-भुसावळ लोहमार्गावर, बारडोलीच्या अलीकडे, आमचे चलथाण लागते. पोटापाण्यासाठी खानदेशातून इकडे आलेल्या अनेक कुटुंबांपैकी आमचे एक. आप्पा महामार्गालगतच्या गॅरेजात मालमोटारींचे डेंटिंग-पेंटिंग करतात. दादा अभियांत्रिकी शिकतो. आप्पांच्या रंगाने माखलेल्या हातांचा त्याला मित्रांसमोर संकोच वाटे.

गेल्या वर्षी दादाने व त्याच्या मित्रांनी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी एकआसनी शर्यतीची मोटार बांधावयास घेतली. हे धाडस आपल्या देशात नवे नव्हे. कोइंबतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून अशा मोटारी घडविल्या होत्या. १९९५ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या नावाच्या धावपट्टीवर पुढे विद्यार्थ्यांच्या स्पर्धा भरल्या.

आमच्या अंगणात पोलादी नळ्यांचा सांगाडा उभा राहिला आणि प्रश्न उरला तो त्याच्या अंगरख्याचा. त्यासाठी फायबरग्लास निवडले. तेवढ्याच आकारमानाच्या पोलादाच्या सुमारे एक-पंचमांश त्याचे वजन! साच्याला मेण चोळावयाचे, त्यावर जेलकोटचा थर द्यावयाचा, मग काचतंतूंची चटई अंथरून तीत रेझिन मुरवावयाचे आणि रूळ फिरवून हवेचा एकेक बुडबुडा काढावयाचा.

तयार कवच सांगाड्यावर ठेवले, तो डाव्या अंगाला बोटभर फट! दादा स्क्रू आवळून ती मिटविणार, इतक्यात आप्पांनी त्याचा हात धरला. "आज बसेल रे, पण ताणात बसेल. हादरे लागले की भोकापासून तडकेल." त्यांनी कवच मोकळेच ठेविले आणि सांगाड्यावरील पट्ट्या वाकवून, घासून दोन दिवसांत त्याच्याशी जुळविल्या. भोके किंचित मोठी ठेवून खाली रबरी वायसर घातले.

पुढे घासकाम. ८० नंबरच्या कागदापासून आरंभ, शेवट ४०० नंबरच्या पाणकागदाने. काचेची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून सर्वांच्या तोंडावर मास्क. प्राइमरवर काळ्या रंगाचा पुसट हात देऊन घासले, की खळग्यात काळेपणा उरतो. आप्पा मात्र त्याआधीच डोळे मिटून तळवा फिरवीत आणि म्हणत, "इथे." घासल्यावर काळा ठिपका नेमका तेथेच उरलेला असे.

काम संपल्यावर मार्गदर्शक प्राध्यापक मोटार पाहावयास आले. सांध्यांवरून बोट फिरवीत त्यांनी विचारले, "हे कोणी बसविले?"

"माझ्या वडिलांनी," दादा सर्व मित्रांदेखत म्हणाला.

आप्पा काही बोलले नाहीत. थिनरच्या बोळ्याने ते बराच वेळ हात पुशीत राहिले.