फुटक्या माठाची बाजू

पक्ष्यांसाठी घरच्या घरी दाणापात्र करायचं म्हटलं की हात आधी प्लॅस्टिकच्या बाटलीकडे जातो. आरपार भोकं पाडायची, त्यांत लाकडी चमचे खुपसायचे, आत ज्वारी भरायची आणि बुचाला दोरी बांधून टांगायची. टाकाऊतून टिकाऊ! माढा तालुक्यातल्या आमच्या मोडनिंबसारख्या गावात मात्र ही बाटली पावसाळ्यात बघावी. चमच्याच्या फटीतून पाणी आत शिरतं, तळाची ज्वारी फुगते, तिला मोड येतात, मग काळी बुरशी धरते. आणि बाटलीच्या तोंडातून हात काही आत जात नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की तेच प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं. कचऱ्याचा पुन्हा कचराच झाला, मधले काही महिने तो पक्ष्यांच्या नावावर लागला इतकंच. म्हणून असलं पात्र कशापासून केलं याचं कौतुक पुरे. ते धुता येतं का, हे आधी विचारावं. या परीक्षेत फुटक्या माठाचा तळ बाटलीच्या कितीतरी पुढे जातो.

धुण्याचं एवढं स्तोम कशाला, पाखरं तर उकिरड्यावरही टिपतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण उकिरड्यावर ती पांगून टिपतात, टांगलेल्या पात्रात साऱ्यांच्या चोची एकाच जागी पडतात. ब्रिटनमध्ये घरोघरी पक्ष्यांना दाणे घालायची रीत आहे. तिथे २००५ पासून ट्रायकोमोनोसिस या रोगानं ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या झपाट्यानं घसरली. आजारी पक्ष्याच्या लाळेनं खराब झालेलं दाणापाणी ही या रोगाच्या फैलावाची एक वाट. मग दाणे घालूच नयेत का? पाखरं आयतखाऊ होतात, हाही आक्षेप असतोच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये याची तपासणी झाली. जिथे पंचवीस वर्षं दाणे मिळत होते तिथली पात्रं काढून घेतली, तरी तिथले चिकॅडी पक्षी हिवाळ्यात इतर रानातल्यांइतकेच तगले. तेव्हा ती भीती नको. भीती घाणीची धरावी.

आता प्रश्न कधी काय ठेवायचं हा. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळतात आणि त्या दिवशी पात्रं टांगायची लाट येते. पण माढा तालुक्यात तेव्हा रब्बी ज्वारीची काढणी-मळणी नुकतीच झालेली किंवा चाललेली असते. सांडलेला दाणा रानात भरपूर. तोटा पाण्याचा असतो. म्हणून मार्च ते मे खापरात पाणीच हवं. पावसाळ्यातली गोष्ट आणखी वेगळी, तेव्हा घरट्यात पिलं असतात. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिलांना अळ्या-किडे भरवते. नुसत्या ज्वारीवर पिलू वाढत नाही. दारच्या झाडावर औषध फवारून खाली दाण्याचं पात्र टांगणं ही थट्टाच म्हणायची.

जुन्या माणसांची रीत याहून शहाणी होती. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकणारा शेतकरीच घरी वळचणीला कणीस टांगायचा. कणसाला घासायचं भांडं नाही, आणि लोंबत्या कणसावर जड पारव्याला नीट बसता येत नाही; चिमण्या-मुनिया मात्र लटकून दाणा सोलतात. उजनी धरणाच्या पाण्यावर तालुक्यात ऊस वाढला, तसं कणीस दारात सहज येईनासं झालं, हे कबूल. पण बाजारात ज्वारी मिळते आणि माठ तर दरवर्षी कुणाचा ना कुणाचा फुटतोच.

तेव्हा यंदा माठ फुटला तर तळ टाकू नका. काठ दगडावर घासून बोथट करा, शिंक्यात ठेवून मांजराची उडी पोचणार नाही असा सावलीत टांगा. पाणी रोज बदला, दाणे संध्याकाळपर्यंत संपतील तेवढेच घाला, आणि आठवड्यातून एकदा खापर घासून कडक उन्हात वाळवा. हे जमणार नसेल, तर टांगूच नका.