वीस सेकंदांची वीज

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटे कमी आणि कागद अधिक असत. थोरली कन्या पुण्यातील एका महाविद्यालयात जनसंवाद शाखेच्या अखेरच्या वर्षाला होती. एका मित्राने रचलेल्या गाण्याची चार मिनिटांची ध्वनिचित्रफीत आणि त्याच्या अल्बमचे मुखपृष्ठ व पोस्टर, असा पाच जणांच्या गटाचा अंतिम प्रकल्प होता. गाणे वळवाच्या पावसावर होते. चित्रीकरणासाठी पेठेतला एक जुना वाडा मिळाला होता.

अशा चित्रफिती उत्साहाच्या भरात, कॅमेरा हाती घेऊन तयार होत असाव्यात, असा माझा समज होता. तो दोन दिवसांत गळून पडला. गाणे पुन्हा पुन्हा ऐकून मुलांनी त्याचे सेकंद वहीत मांडले. कोणत्या ओळीला काय दिसणार, कॅमेरा कुठे असणार, प्रकाश कोणत्या बाजूने येणार, असे रकाने आखले. कॅमेरा दोनच दिवस भाड्याने परवडणार होता, म्हणून प्रत्येक दृश्याची वेळ ठरली. पाऊस पडेल तेव्हा पडेल. तोवर गच्चीवरून सोडलेल्या नळीला झारीचे तोंड बसवून तो पाडायचा होता.

मुखपृष्ठाचाही त्यांनी बारकाईने विचार केला होता. माझ्या वडिलांच्या ग्रामोफोन तबकड्यांची वेष्टने हातभर अंतरावरूनही ओळखू येत. आता तेच चित्र मोबाइलवर नखाएवढे दिसते, म्हणून ते ठसठशीत हवे, असे मुलांचे म्हणणे होते. त्यासाठी पावसाच्या काळ्या-पांढऱ्या, दाट, उभ्या रेषा योजल्या होत्या. चित्रफितीच्या अखेरीस याच रेषा सरकू लागणार होत्या.

एका संध्याकाळी टेबल आवरताना वहीतल्या एका ओळीवर माझा हात थांबला. ‘१:५२ ते २:१२ – विजा. एक फ्रेम पांढरी, एक काळी.’

धाकटा तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याच्या दोन वर्षे आधी एका नातलगाच्या वरातीत, लखलखणाऱ्या दिव्यांसमोर नाचता नाचता तो कोसळला. डोळे फिरले, हातपाय झटके देऊ लागले. कोणी कांदा आणायला धावले, कोणी चप्पल नाकाशी धरली, कोणी दातांत चमचा घालू पाहत होते. यांतले काहीच करायचे नसते, हे आम्हाला नंतर कळले. आकडी आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. आकडी पाच मिनिटांहून अधिक लांबली तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

मेंदूविकारतज्ज्ञांनी ईईजी काढला. त्या तपासणीत डोळ्यांसमोर निरनिराळ्या वेगाने लुकलुकणारा दिवा धरतात. निदान झाले प्रकाशसंवेदी अपस्माराचे. अपस्मार असलेल्या शंभरांपैकी साधारण तिघांना हा प्रकार असतो आणि तो बालपणात व किशोरवयात अधिक आढळतो. बहुधा सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश अशा व्यक्तीला बाधतो. काहींना दाट, ठळक पट्ट्यांचाही त्रास होतो. असा प्रकाश अचानक समोर आला तर नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण तो पापण्यांतून जाणवतो. एका डोळ्यावर तळहात घट्ट धरून मान वळवावी, असे डॉक्टरांनी त्याला शिकवले. नियमित औषध आणि पुरेशी झोप ही पथ्ये तर होतीच.

त्या रात्री मी थोरलीपाशी विषय काढला. ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “प्रत्येक गोष्ट त्याच्यासाठीच का बदलायची, आई?”

मला उत्तर सुचले नाही. त्या दोन वर्षांत दिवाळीच्या लुकलुकत्या माळा आमच्या घरातून गेल्या होत्या. तिच्या अठराव्या वाढदिवसाला मैत्रिणींनी ठरवलेला गाण्या-नाचाचा कार्यक्रम मी ऐन वेळी रद्द केला होता. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून तिला काही वाटतच नसावे, असे मी सोयीस्करपणे धरून चालले होते. आजारी मुलाच्या औषधांचे वेळापत्रक आम्हा आयांना तोंडपाठ असते. त्याच्या भावंडाने काय काय मुकाट्याने सोडून दिले, याची नोंद मात्र कुठेच नसते.

सकाळी मी तिला एवढेच सांगितले, “काम तुझे आहे, निर्णयही तुझाच. मी त्याला ते पाहू देणार नाही, म्हणजे झाले.” तिने मान हलवली, पण वर पाहिले नाही.

दुपारी गट जमला. आरंभी धोक्याची सूचना देणारी एक पाटी दाखवावी, असा तोडगा तिनेच मांडला. सर्वांना तो पटला. मलाही पटला. धाकटा तेवढ्यात पाण्याची बाटली भरायला आला होता. त्याने सहज विचारले, “पण ताई, त्या दिवशी मला तरी कुठे माहीत होतं?”

त्याच्या स्वरात रुसवा नव्हता. सूचना ज्याला स्वतःचा आजार ठाऊक आहे त्याच्याच उपयोगाची. ज्याची पहिली आकडी अजून यायची आहे, तो ती वाचून पुढे पाहतच राहणार. टेबलाभोवती कोणी बोलले नाही.

त्या रात्री थोरली उशिरापर्यंत वाचत बसली आणि दुसऱ्या दिवशी तिने मित्रांसमोर हिशेब मांडला. त्यांची चित्रफीत सेकंदाला २५ फ्रेमची. एक पांढरी, एक काळी म्हणजे सेकंदाला साडेबारा लखलखाट. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश जवळजवळ याच वेगाने लुकलुकला, तेव्हा सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. त्यांतील बहुतेकांना त्याआधी कधीही आकडी आलेली नव्हती. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या बोधचिन्हाची प्रसिद्धीफीत २००७मध्ये झळकली, तेव्हाही प्रेक्षकांना आकडी आल्याच्या तक्रारींमुळे तिचा एक भाग काढून टाकावा लागला. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीसाठी यासंबंधी नियमच आहेत: सेकंदाला तीनहून अधिक लखलखाट नकोत, भडक लाल रंगाच्या उघडझापीपासून विशेष जपावे आणि ठळक, एकसारख्या पट्ट्यांनी पडदा व्यापू नये.

सगळे लगेच राजी झाले असे नाही. संकलन करणाऱ्या मुलाने त्या वीस सेकंदांच्या नमुन्यावर तीन रात्री घालवल्या होत्या; तो त्या दिवशी चहा न घेताच गेला. पण दोन दिवसांनी परत आला तो नवा कागद घेऊन. आता वीस सेकंदांत वीज तीनदाच चमकणार होती, आणि तीही आकाशात नव्हे. ओसरीवरच्या आजीच्या चेहऱ्यावर, मग पितळी घंगाळाच्या काठावर, मग रिकाम्या झोपाळ्यावर उजेड हलकेच चढून विझणार होता. उरलेले काम गडगडाटाकडे सोपवले होते. मुखपृष्ठावरच्या रेषाही गेल्या. कौलांच्या कडेला लोंबणारी एकच पागोळी, मागे करडा अंगणाचा चौक, आणि खाली गाण्याचे नाव. नखाएवढ्या आकारातही ती स्पष्ट दिसत होती.

ज्यांच्या घरी मुले असे प्रकल्प करतात, त्यांनी नियोजनाच्या वहीत एक रकाना वाढवायला सांगावा: ‘हे कोण पाहणार आहे?’ तो आरंभीच असला तर कोणाच्या तीन रात्री वाया जात नाहीत.

सादरीकरणाच्या दिवशी धाकट्यालाही यायचे होते. डॉक्टरांना विचारून आम्ही त्याला नेले. मागच्या रांगेत, पडद्यापासून दूर बसलो. सभागृहातले काही दिवे विनंतीवरून चालू ठेवले होते. १:५२ आले, तशी मी त्याच्याकडे वळले. तो निवांत पाहत होता. मान किंचित तालावर हलत होती. टाळ्या वाजल्या तेव्हा माझ्या लक्षात आले, की त्या भागात मी पडद्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

रात्री थोरलीने विचारले, “आई, विजेचा भाग कसा वाटला?”

खोटे बोलणे जमले नाही. मी कबूल केले.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग लॅपटॉप उघडून टेबलावर माझ्यासमोर सरकवला. “तो झोपलाय,” ती म्हणाली, “आता बघ.”

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पहिल्या सेकंदापासून पाहायला बसले.